अस्सलबरहुकूम

ग्रंथ लिहिणाऱ्यांची चरित्रे आपल्याकडे पुष्कळ आहेत आणि सनदा देणाऱ्या राजांचीही आहेत. परंतु ज्याने ते ग्रंथ उतरून घेतले आणि त्या सनदांच्या नकला करून दफ्तरी लावल्या, त्या कारकुनाचे चरित्र लिहावे असे कोणास वाटले नाही. वाटण्याचे कारणही नव्हते. कारण काम उत्तम झाले असता जो मुळीच दिसत नाही आणि बिघडले असता मात्र पिढ्यान्‌पिढ्या बोल खातो, अशा माणसाच्या आयुष्यात चरित्रकाराला विषय कोठून मिळणार? हा धंदा आता बुडाला, असे म्हणण्याचा मोह होतो. वास्तविक तो सर्वांच्या माथी आला आहे. सातबाराचा जुना उतारा, आजोबांचे खरेदीखत, शाळा सोडल्याचा दाखला यांची मोबाईलवर छायाचित्रे घ्यावयाची, ती एकत्र बांधून त्यांची पीडीएफ करावयाची आणि ती कचेरीकडे धाडावयाची, हे काम करणारा प्रत्येक गृहस्थ त्या घटकेपुरता नक्कल-कारकूनच असतो. आणि पान आडवे पडले, काळे झाले, फाईल अवाढव्य झाली, मजकूर शोधला तर सापडत नाही, अशा ज्या तक्रारी त्याच्या तोंडून निघतात, त्यांतील बहुतेकींना बरीच जुनी वंशावळ आहे.

मराठी राज्याच्या कारभारात मजकूर लिहून झाला म्हणजे काम संपले, असे मानीत नसत. पत्रावर शिक्का होई, दफ्तरात त्याचा बार होई, आणि मजकूर तपासला गेला याची खूण म्हणून रुजूचा शेरा पडे. शिवकालीन पत्रांच्या अखेरीस 'रुजू सुरनीस' अशी अक्षरे अभ्यासकांना आजही भेटतात. जी नक्कल मुळाशी ताडून पाहिली नाही, तिला दफ्तरात कागदाची किंमत, दस्ताची नव्हे. ही कडक रीत निष्कारण नव्हती. मोडी लिहिणारा प्रथम कागदभर आडव्या रेघा ओढून घेई आणि मग बोरू शक्य तितका कमी उचलीत अक्षरे त्या रेघांना लटकवीत जाई. शब्दांमध्ये जागा सोडावयाची नाही, इकार-उकारांचे ऱ्हस्वदीर्घ पाळावयाचे नाही, आणि वेग हेच भूषण, अशा लिपीत एकाच्या हातचे दुसऱ्याने उतरताना चूक न होणे हेच आश्चर्य. म्हणून रक्कम अंकी लिहून पुन्हा अक्षरी लिहिण्याचा प्रघात पडला, आणि उत्तरेकडील दस्तांत तर त्या रकमेची निम्मी किती होते हेही बाजूला नमूद करण्याची चाल होती. एका ठिकाणी बोरू घसरला तर दुसरे ठिकाण साक्षीला असावे, एवढाच त्यातील हेतू. बँकेच्या धनादेशावर तो प्रघात अद्याप जिवंत आहे.

पोथ्या उतरणाऱ्यांची कथा याहून करुण आहे. पोथीच्या शेवटी ते लोक एक ठराविक श्लोक लिहून ठेवीत. पाठ मोडली, कंबर धरली, मान अवघडली, तेव्हा हे पुस्तक नीट सांभाळा, असा एकाचा आशय असे. आणि जसे पाहिले तसे लिहिले, शुद्ध असो वा अशुद्ध, दोष मजकडे नाही, असा दुसऱ्याचा. हा दुसरा श्लोक मला नेहमीच मोठा कायदेशीर वाटत आला आहे, कारण त्यात नक्कल करणाऱ्याने आपली जबाबदारी डोळ्यांपुरती मर्यादित करून घेतली आहे आणि समजुतीची जबाबदारी साफ नाकारली आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेत विष्णु सीताराम सुकथनकर यांच्या संपादकत्वाखाली महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध होऊ लागली, आणि पुण्याप्रमाणेच शांतिनिकेतन व तंजावर येथेही निरनिराळ्या लिप्यांतील हस्तलिखितांचे पाठ ताडून पाहण्याचे काम चालले, तेव्हा या नाकारलेल्या जबाबदारीचा हिशेब मांडण्याची वेळ आली. पाठचिकित्सेच्या शास्त्रात जगभर एक अनुभव मान्य झालेला आहे, तो असा की, अडाणी लेखक परवडतो, शहाणा परवडत नाही. अडाण्याचा डोळा एका ओळीवरून तसाच शब्द असलेल्या खालच्या ओळीवर घसरतो आणि मधला मजकूर गळतो. पण गळाला हे लगेच कळते, कारण राहिलेल्या मजकुराला अर्थच उरत नाही. शहाणा मात्र न लागणाऱ्या शब्दाच्या जागी लागणारा शब्द बसवितो, छंद जुळवितो, आणि त्याने केलेली चूक मुळापेक्षाही सुबक दिसते. यंत्रांच्या हकीकतीत पुढे याच शहाण्याची गाठ पडणार आहे.

इंग्रजी अमलात इनाम कमिशनने 1852 च्या कायद्यान्वये जुन्या सनदांची तपासणी चालविली, तेव्हा अस्सल आणि नक्कल यांतील भेद कित्येक घराण्यांच्या पोटापाण्याचा प्रश्न होऊन बसला. पुढे 1872 साली पुराव्याचा कायदा झाला. त्याचा मसुदा करणारे जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी दुय्यम पुराव्याच्या कलमात जे लिहून ठेवले, ते त्या काळाच्या मानाने फार पुढचे होते. हाताने केलेली नक्कल मुळाशी ताडून पाहिलेली असली पाहिजे, हा जुना दंडक त्यांनी राखला. परंतु ज्या यांत्रिक क्रियेत अचूकपणाची हमी त्या क्रियेतच असते, तिने निघालेल्या नकलेला त्यांनी निराळे स्थान दिले, आणि उदाहरण म्हणून सांगितले की, छायाचित्र मुळाशी ताडलेले नसले तरी चालेल, फक्त ज्याचे छायाचित्र घेतले ते अस्सल होते एवढे शाबीत व्हावे. त्याच कलमाच्या दुसऱ्या उदाहरणात पत्रांच्या नकला काढणाऱ्या यंत्राचा उल्लेख आहे. वाफेच्या एंजिनामुळे प्रसिद्धीस आलेल्या जेम्स वॉटने 1780 साली ज्याचे पेटंट घेतले, त्याच जातीचे ते यंत्र: विशिष्ट शाईने लिहिलेल्या पत्रावर ओलसर पातळ कागद ठेवून दाबावयाचा, म्हणजे शाई त्यात उतरते, आणि उलटी उमटलेली अक्षरे कागद पातळ असल्यामुळे पाठीमागून सुलटी वाचता येतात. कायद्याची दृष्टी स्वच्छ होती. डोळे आणि मन असलेला माणूस मध्ये आला की रुजवात हवी. मन नसलेले यंत्र मध्ये आले तर ती माफ.

शंभराहून अधिक वर्षे यंत्रांनी या विश्वासाला फारसा तडा जाऊ दिला नाही. 1842 साली जॉन हर्शेल याने शोधलेल्या निळ्या छपाईवर वास्तुविशारदांचे नकाशे निघू लागले. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत फोटोस्टॅट आणि रेक्टिग्राफ ही यंत्रे आली. त्यांत काचेच्या लोलकामुळे प्रतिमा सुलटी होऊन सरळ संवेदनशील कागदावरच पडे आणि मधली फिल्म वाचे. मात्र निघणारी पहिली नक्कल काळ्यावर पांढरी असे, आणि पांढऱ्यावर काळी हवी असेल तर त्या नकलेची पुन्हा नक्कल काढावी लागे. पेटंटांच्या कामात नकलांचा तगादा सोसून त्रासलेल्या चेस्टर कार्लसनने 22 ऑक्टोबर 1938 रोजी न्यूयॉर्कच्या अॅस्टोरिया भागात स्थिर विद्युत आणि कोरडी भुकटी यांच्या साह्याने पहिली कोरडी नक्कल उठविली, आणि रेक्टिग्राफचा कारखाना आधीच विकत घेऊन बसलेल्या हॅलॉइड कंपनीने 1959 साली त्या शोधाचे 914 या क्रमांकाचे यंत्र बाजारात आणले. हीच कंपनी पुढे झेरॉक्स. आपल्याकडे तालुक्याच्या कचेरीसमोर या नावाची पाटी नाही असे गाव शोधावे लागेल. या सर्व यंत्रांत एक गुण समान होता: ती निरक्षर होती. डाग आणि अनुस्वार त्यांना सारखेच, आणि म्हणूनच त्यांनी डागाचा अनुस्वार कधी केला नाही.

तारेने चित्र पाठविण्याचा खटाटोप टेलिफोनच्याही आधीचा. अलेक्झांडर बेनचे पेटंट 1843 चे आहे. परंतु आपल्या विषयाशी त्याचा संबंध येतो तो 1980 साली, जेव्हा फॅक्सच्या तिसऱ्या गटाचे आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरले. एका ओळीत 1728 ठिपके, प्रत्येक ठिपका पांढरा किंवा काळा, तिसरा रंग नाही. आणि सलग पांढऱ्या किंवा सलग काळ्या ठिपक्यांची नुसती लांबी कळवावयाची, म्हणजे कोरी जागा पाठविण्यात वेळ जात नाही. 1984 च्या चौथ्या गटाने ही रीत आणखी कसली, आणि पुढे दस्तऐवजांच्या पीडीएफमध्ये तीच जशीच्या तशी येऊन बसली. रंगीत छायाचित्रांची वाट निराळी होती. बंगळूरूत जन्मलेले नासिर अहमद यांनी टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह 1974 साली जी गणिती क्रिया प्रसिद्ध केली, तिच्या पायावर 1992 साली जेपेगचे प्रमाण उभे राहिले. चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडावयाचे आणि डोळ्याला सहसा न जाणवणारा तपशील त्यांतून टाकून द्यावयाचा, ही त्याची पद्धत. चेहऱ्याला, आभाळाला ती फार चांगली मानवते. काळ्या अक्षराच्या तीक्ष्ण कडेला मात्र ती मानवत नाही, आणि कडेभोवती मळकट कण उठतात. चित्र पुन्हा पुन्हा त्याच पद्धतीने दाबले, तर ते वाढत जातात.

जॉन वॉर्नॉक यांनी 1991 साली 'कॅमेलॉट' या नावाने जी योजना अडोबी कंपनीपुढे मांडली आणि जी 15 जून 1993 रोजी पीडीएफ होऊन बाहेर आली, तिचा हेतू चित्रे बांधण्याचा नव्हताच. कोणत्याही यंत्रावर, कोणत्याही छपाईत पान जसेच्या तसे दिसावे, हा तो हेतू होता. आणि जेपेग किंवा फॅक्सच्या रीतीने दाबलेले चित्र त्या पानावर न उलगडता तसेच ठेवण्याची सोय त्यात इतर पुष्कळ सोयींबरोबर झाली. 2008 साली ही रचना आंतरराष्ट्रीय प्रमाणसंस्थेच्या स्वाधीन झाली. तत्पूर्वी 2005 सालीच दफ्तरी जतनासाठी तिचे एक कडक रूप प्रमाण ठरले होते. म्हणजे पीडीएफ हे मुळात कागदाचे शास्त्र, आणि कॅमेऱ्यातील चित्र ही कागदाशी नाते नसलेली वस्तू. या दोघांची सोयरीक जुळविताना जे कलह होतात, तेच आपल्या गृहस्थाच्या वाट्याला येतात.

पहिला कलह मापाचा. चित्राला लांबीरुंदी इंचांत नसते. त्याला असतात फक्त ठिपके. पीडीएफचे पान मात्र इंचाच्या बहात्तराव्या भागात मोजतात, आणि त्या हिशेबाने ए-4 कागद 595 बाय 842 भरतो. चार हजार बाय तीन हजार ठिपक्यांचे मोबाईलचे चित्र घेऊन एखाद्या आज्ञाधारक प्रणालीने एक ठिपका म्हणजे एक भाग असे धरले, तर पान साडेपंचावन्न इंच लांब होते, म्हणजे सुमारे साडेचार फूट. तेच इंचाला तीनशे ठिपके धरले तर ते तेरा-साडेतेरा इंचांवर येते. फाईल बिघडलेली नसते, तिला माप सांगावयाचे राहिलेले असते. म्हणून आधी कागद ठरवावा आणि चित्र त्यात बसवावे, हा क्रम पाळला की ही तक्रार उरत नाही.

पान आडवे पडण्याचे कारण याहून गमतीचे आहे. मोबाईल उभा धरला तरी आतील काच चित्र आडवेच टिपते, आणि 'हे वळवून पाहावे' अशी एक चिठ्ठी चित्राच्या पोटात ठेवते. चित्र दाखविणाऱ्या प्रणाली ती चिठ्ठी वाचतात. पीडीएफला मात्र तिच्याशी कर्तव्य नसते. बांधणाऱ्या प्रणालीने चिठ्ठी वाचून चित्र खरोखरच वळविले नाही, तर दस्त कुशीवर निजतो. यावर उपाय म्हणजे बांधण्यापूर्वी चित्र वळवून नव्याने साठविणे. 2017 पासून आयफोनची छायाचित्रे हेइक या नव्या वळणात येऊ लागली, आणि ज्या जुन्या प्रणालींना ते वळण वाचता येत नाही त्या मुकाट्याने कोरे पान देतात किंवा काहीच देत नाहीत. तेथे आधी जेपेग करून घेणे एवढेच हाती राहते.

काळ्या पानाच्या तक्रारीत मला फोटोस्टॅटची आठवण होते. फॅक्सच्या घराण्यात शून्य म्हणजे पांढरे हा संकेत, तर पीडीएफच्या राखाडी मापात शून्य म्हणजे काळे. चित्राबरोबर आलेली संकेताची नोंद बांधणाऱ्याने दुर्लक्षिली की पान उलटे होऊन काळ्यावर पांढरे उमटते. पारदर्शक पार्श्वभूमीचे चित्रही असेच काळवंडते, कारण पारदर्शकतेच्या जागी काय भरावयाचे हे न सांगितल्यास कित्येक प्रणाली शून्यच भरतात. तेथे आधी पांढरी पार्श्वभूमी देऊन मग बांधावे.

आकाराचा हिशेब सोपा आहे. तीनशेच्या मापाने टिपलेल्या एका ए-4 पानात सुमारे 87 लाख ठिपके असतात. रंगीत ठेवल्यास न दाबता ते 26 मेगाबाइटांच्या घरात जाते, आणि नुसते काळे-पांढरे केल्यास एकाच मेगाबाइटवर येऊन फॅक्सच्या चौथ्या रीतीने दाबल्यावर पुष्कळदा थोड्या किलोबाइटांत मावते. परंतु काळे-पांढरे करताना कोणता ठिपका काळा म्हणावयाचा याचा निवाडा करावा लागतो, आणि देवनागरीची कुचंबणा नेमकी तेथे होते. जुन्या फिकट शाईतील अनुस्वार हा एक ठिपकाच. निवाडा कडक झाला की तो उडतो आणि खंडाचा खड होतो. सैल झाला की पाठीमागील शाई पुढे उमटून नसते अनुस्वार जन्मतात. मोडी कागदासाठी राखाडी छटा ठेवणे हाच शहाणपणाचा मार्ग, फाईल थोडी जड झाली तरी बेहत्तर.

आता त्या शहाण्या लेखकाकडे वळतो. काळ्या-पांढऱ्या पानांसाठी 2000 साली जेबिग-टू नावाचे नवे प्रमाण आले आणि वर्षभरातच पीडीएफमध्ये त्याला जागा मिळाली. पानावरील ठिपक्यांचे पुंजके सुटे करावयाचे, एकसारखे दिसणारे पुंजके एका गटात टाकावयाचे, गटाचे एकच चित्र कोशात ठेवावयाचे आणि पानावर ते कोठे कोठे येते तेवढे नोंदवावयाचे, अशी त्याची रचना. मुळाबरहुकूम ठेवण्याची रीतही त्यात आहे. पण जागा अधिक वाचविण्याच्या रीतीत 'एकसारखे' आणि 'जवळजवळ एकसारखे' यांतील रेषा यंत्राने ओढावयाची असते. नक्कल करणाऱ्या यंत्राला येथे अक्षर ओळखण्याची मुभा मिळाली, आणि बिचाऱ्याला वाचता तर येत नव्हते.

2013 च्या उन्हाळ्यात डेव्हिड क्रिझेल या जर्मन संगणकशास्त्रज्ञाकडे एका बांधकामाच्या नकाशाची तक्रार आली. तीन खोल्यांची क्षेत्रफळे मूळ कागदावर 14.13, 21.11 आणि 17.42 चौरस मीटर अशी निरनिराळी. झेरॉक्सच्या वर्कसेंटर यंत्राने केलेल्या नकलेत तिन्ही ठिकाणी 14.13. लहानमोठ्या खोल्या एका मापाच्या कशा, असा प्रश्न कोणाला पडला म्हणून गोष्ट उघडकीस आली. पुढे खर्चाच्या तक्त्यात सहाचे आठ झालेले सापडले. अक्षर पुसट नाही, कड तुटलेली नाही, संशय घ्यावा असे काही नाही. कोशातून उचललेला आठ मुळातील आठाइतकाच रेखीव. अंकाशेजारी अक्षरी रक्कम लिहिण्याचा आपला जुना प्रघात त्या तक्त्यात असता, तर ही तफावत पहिल्याच दिवशी पकडली गेली असती. यंत्राच्या पुस्तिकेत, कमी प्रतीच्या नकलेत अक्षरांची अदलाबदल होऊ शकते, असा इशारा होता खरा. परंतु वरच्या प्रतीतही तोच प्रकार होतो हे क्रिझेलने दाखविल्यावर कंपनीला यंत्रांची आज्ञावली दुरुस्त करावी लागली. तोपर्यंत हा दोष सुमारे आठ वर्षे वावरत होता. मन नसलेल्या यंत्राला 1872 साली दिलेली रुजवातीची माफी ज्या गृहीतावर उभी होती ते गृहीत येथे ढासळले. आणि आमच्या नव्या साक्ष अधिनियमात तीच भाषा अद्याप तशीच आहे, हे कायदेपंडितांनी पाहावे.

शोधता येणाऱ्या पीडीएफची जात याचीच धाकटी बहीण. तेथे चित्र जसेच्या तसे राहते, पण त्यावर यंत्राने वाचलेल्या मजकुराचा एक अदृश्य थर पसरतात. दिसते चित्र, शोधला जातो थर. त्यामुळे कागदावर नाव स्पष्ट असूनही शोधात ते मिळत नाही, आणि डोळ्यांनी पाहणाऱ्याला थरातील चूक कधीच दिसत नाही. मजकूर निवडून दुसरीकडे उतरविला म्हणजे थरात काय आहे ते कळते. एवढी तपासणी फार थोडे लोक करतात.

जर्मनी व स्वित्झर्लंड येथील अधिकाऱ्यांनी 2015 साली दफ्तरी जतनासाठी जेबिग-टूला मनाई केली. आपल्याकडे मनाईपेक्षा गरज बलवान आहे. अर्ज घेणाऱ्या कचेऱ्या फाईल इतक्याच किलोबाइटांची असावी अशी अट घालतात, आणि झेरॉक्सच्या दुकानातील मुलगा, मागे रांग उभी असल्यामुळे, यंत्रावरील 'सर्वांत लहान' ही कळ दाबतो. ती कळ आत कोणती रीत वापरते ते दुकानदाराला ठाऊक नसते आणि गिऱ्हाईक विचारीत नाही. मर्यादेत बसवावयाचेच असेल, तर राखाडी छटा ठेवून इंचाचे ठिपके तीनशेवरून दोनशेवर आणावे, पाने कमी करावी, आणि मूळ छायाचित्रे काम होईपर्यंत तरी मोबाईलमधून पुसू नयेत. गट क्रमांक, क्षेत्र, आकारणी आणि तारखा एवढे आकडे मूळ कागद हातात धरून एकदा वाचून घेण्यास पाच मिनिटे पुरतात.